खेळाडूचे वय आणि निवडीची वेळ



जून महिन्याची पहिली तारीख ही आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात मोठी विलक्षण तारीख आहे. जुन्या शाळांची दप्तरे उघडून पाहावीत, तर पानेच्या पाने त्या एकाच जन्मतारखेने भरलेली आढळतील. नवख्या माणसास वाटावे की, या मुलखातील साऱ्या आया ठरवून त्याच दिवशी बाळंत होत असाव्यात! खरा प्रकार असा की, ती तारीख आयांनी दिलेली नसून आम्हां मास्तरांनी दिलेली आहे. जन्माची नोंद कोठेच नाही. आईला दिवस आठवतो तो सणावरून किंवा शेतीच्या कामावरून. आणि रजिस्टरातील तारखेचा रकाना तर कोरा ठेवता येत नाही. अशा वेळी मुलाच्या अंगलटीकडे पाहून त्याची वर्षे ठरवावयाची, आणि शाळा ज्या महिन्यात उघडते त्या महिन्याची पहिली तारीख मांडून मोकळे व्हावयाचे, असा परिपाठ होता. मीही पुष्कळ वर्षे तेच केले.

क्रिकेटच्या राष्ट्रीय संघात तरुण खेळाडू केव्हा निवडावा, हा आजचा विषय. त्याचा आणि या रजिस्टराचा संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. परंतु तेथवर जाण्यापूर्वी मूळ प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यावर घरोघरी जो वाद चालतो तो बहुधा भलत्याच टोकाकडून सुरू होतो.

२८ एप्रिल २०२५ रोजी जयपूर येथे बिहारमधील समस्तीपूर जिल्ह्याच्या वैभव सूर्यवंशी या चौदा वर्षांच्या मुलाने नामांकित गोलंदाजांची धुलाई करून अवघ्या ३५ चेंडूंत शतक ठोकले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबरच घरोघरी दोन पक्ष पडले. एक म्हणतो, या मुलास आजच भारताच्या संघात घ्यावे. गुण असला म्हणजे वय कसले पाहता? दुसरा म्हणतो, कोवळे पोर आहे, मिसरूड फुटलेली नाही, त्याची हाडे आणि डोके दोन्ही कामातून जातील. आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाने २०२० साली पंधरा वर्षांची किमान मर्यादा घातली, आणि विशेष परवानगीने अपवाद करण्यासाठी एक फटही ठेवली. म्हणजे मंडळासही दोन्ही पक्षांचे म्हणणे थोडेथोडे पटले असावे. परंतु या दोन्ही पक्षांत एक साम्य आहे. दोघेही हाती पंचांग घेऊन बसलेले आहेत.

पंचांग बाजूस ठेवून सचिन तेंडुलकर यांचेच उदाहरण पाहू, कारण लहान वयात निवड करावी असे म्हणणारे सारे याच नावाची साक्ष काढतात. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराची येथे ते पहिला कसोटी सामना खेळले, तेव्हा त्यांचे वय सोळा वर्षे आणि २०५ दिवस होते. एवढे सर्वांस तोंडपाठ असते. त्यामागील दोन वर्षे मात्र कोणी सांगत नाही. १९८७ च्या नोव्हेंबरात, म्हणजे चौदाव्या वर्षी, त्यांचे नाव मुंबईच्या रणजी संघात घातले गेले. पण त्या संपूर्ण हंगामात त्यांस एकदाही अकरांत घेतले नाही. मोठ्या माणसांच्या तंबूत बसावे, त्यांचे खेळणे, चिडणे, हरणे जवळून पाहावे, आणि बदली क्षेत्ररक्षक म्हणून मैदानात धावावे, एवढेच काम. त्याच हंगामात, १९८८ च्या फेब्रुवारीत, आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या सामन्यात विनोद कांबळी यांच्यासह ६६४ धावांची ती प्रसिद्ध भागीदारी झाली. तरीही कोणी उठून त्यांस एकदम देशाच्या संघात बसविले नाही. १९८८ च्या डिसेंबरात गुजरातविरुद्ध पहिला रणजी सामना, आणि त्यात शतक. तो हंगाम संपला तेव्हा मुंबईकडून सर्वांत अधिक धावा याच मुलाच्या होत्या. १९८९ च्या आरंभी वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी त्यांच्या नावाचा विचार झाला, परंतु त्यांना पाठविले नाही. तेथे मार्शल, अँब्रोज, वॉल्श यांच्यासारखे गोलंदाज टपून बसले होते. पुढे त्याच वर्षी पाकिस्तानचा दौरा निघाला, त्याच सुमारास इराणी करंडकाच्या सामन्यात त्यांचे आणखी एक शतक झाले, आणि मग ते कराचीस उतरले.

तेथे काय झाले? पहिल्या डावात १५ धावा, आणि वकार युनूस याच्या चेंडूवर त्रिफळा. सियालकोटला नाकावर चेंडू बसून रक्त वाहू लागले. तसेच उभे राहून ५७ धावा काढल्या. पहिले कसोटी शतक उजाडले ते १४ ऑगस्ट १९९० रोजी, मँचेस्टर येथे, आणि तो त्यांचा नववा कसोटी सामना होता. मधले नऊ महिने निवड समितीने त्यांस हलविले नाही, ही गोष्ट मला सोळा वर्षांच्या वयापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. निवड ही एका दिवसात उरकण्याची गोष्ट नव्हे. प्रथम मोठ्यांमध्ये बसविणे, मग त्यांच्याविरुद्ध उभे करणे, मग एक दार मुद्दाम बंद ठेवणे, नंतर दुसरे उघडणे, आणि उघडल्यावर पोराचा पाय घसरला तरी लगेच बाहेर न काढणे, अशा या पायऱ्या आहेत. त्या दोन वर्षांत उरकल्या हे त्या मुलाचे असामान्यत्व. परंतु त्यांतील एकही पायरी गाळली गेली नव्हती.

म्हणून माझे मत विचाराल तर, मुलगा किती वर्षांचा आहे हे विचारण्याऐवजी तो प्रौढांच्या हातून किती वेळा हरला आणि हरल्यानंतर पुढच्या सामन्यात कसा खेळला, हे विचारावे. शाळकरी सामन्यांतील धावांचे डोंगर मला फारसे मोहात पाडीत नाहीत. मी शाळेच्या सामन्यांत कित्येक वर्षे पंच म्हणून उभा राहिलेला आहे. चौदा वर्षांच्या मुलांत एखाद्याची दाढ आधी उगवली आणि खांदे आधी भरले, म्हणजे तो इतरांस चेंडूगत उडवितो. दोन वर्षांनी इतरांचे खांदे भरतात, आणि मग खरे काय ते दिसू लागते.

शिवाय सर्व खेळाडूंना एकच माप लागत नाही. फलंदाजाची नजर आणि पायांची चपळाई लवकर फळास येते. द्रुतगती गोलंदाजाचे तसे नाही. चेंडू टाकताना त्याचा कणा एकाच वेळी वाकतो आणि पिळला जातो. वाढत्या वयात हाडे पुरती घट्ट झालेली नसतात, आणि कमरेच्या मणक्यास बारीक तडा जाण्याची भीती असते. यास्तव इंग्लंडसारख्या देशांत कोणत्या वयाच्या मुलाने एका दिवसात किती षटके टाकावीत याचे नियम बांधून दिलेले आहेत. फिरकी गोलंदाजाची गोष्ट आणखी निराळी. त्याची विद्या बोटांत असते तितकीच धीरात असते, आणि धीर हा मार खाल्ल्यावाचून येत नाही. लक्ष्मण शिवरामकृष्णन यांस १९८३ साली सतराव्या वर्षी कसोटी संघात घेतले. १९८४ च्या अखेरीस मुंबईत इंग्लंडविरुद्ध त्यांनी एका सामन्यात बारा गडी बाद केले. आणि १९८६ च्या जानेवारीत, वयाची वीस वर्षे नुकतीच पुरी झाली असता, ते आपला शेवटचा कसोटी सामना खेळून चुकले होते. फिरकी गोलंदाज ज्या वयात खेळ उमगू लागतो त्या वयात त्यांचा खेळ आटोपला. याच्या उलट बाजूस आपल्या मुंबईचे पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत रणजीच्या मैदानात, आणि कसोटी सामना एकही नाही, कारण त्यांच्या उमेदीच्या काळात बिशनसिंग बेदी यांनी ती जागा व्यापलेली होती. ते मार्च २०२५ मध्ये निवर्तले. पुण्यात मैदान झाडून व खेळपट्टी राखून, फावल्या वेळी साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारे पळवणकर बाळू यांची गोष्ट तर त्याहून जुनी. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा ते तरुणांत मोडत नव्हते. तरीही त्या दौऱ्यात त्यांनी ११४ गडी टिपले.

आता आमच्या स्वतःच्या जिल्ह्याकडे येतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला, आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यात, वेस्ट इंडिजविरुद्धच्या एकाच मालिकेत या जिल्ह्यातील दोन खेळाडूंनी कसोटीत पाऊल ठेवले. ४ तारखेस राजकोट येथे विरारचा पृथ्वी शॉ. वय अठरा वर्षे, एकोणिसावे पुरे होण्यास महिना राहिलेला. १२ तारखेस हैदराबाद येथे पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर. सत्ताविसाव्या वाढदिवसाला चार दिवस कमी. दोघेही लोकल गाडीत वाढलेले. खांद्यावर किट, पहाटेची गाडी, उभ्याने झोप. शार्दूलची ओढाताण पाहून त्याचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्यास शालेय वयात बोरिवलीला आपल्याच घरी ठेवून घेतले होते, हे सर्वांस ठाऊक आहे.

पृथ्वीने पहिल्याच डावात १३४ धावा काढल्या. त्यापूर्वी, २०१३ साली, शालेय सामन्यात ५४६ धावांचा विक्रम. २०१७ च्या जानेवारीत रणजीच्या पहिल्याच सामन्यात शतक. २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधारपद. कागदावर पाहता सर्व पायऱ्या चढून झालेल्या होत्या. शार्दूलने मात्र हैदराबादेस दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावून तो मैदानाबाहेर आला. त्या आठवड्यात कोणी मला विचारले असते की, या दोघांपैकी कोणाची निवड योग्य वेळी झाली, तर मीही बेधडक पृथ्वीचेच नाव घेतले असते.

पुढे काय झाले ते आपणांस माहीत आहे. पृथ्वीचा घोटा दुखावला. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातील निषिद्ध द्रव्यामुळे आठ महिन्यांची बंदी आली. २०२० च्या डिसेंबरात ॲडलेड येथे शून्य आणि चार धावांवर तो त्रिफळाचीत झाला, आणि त्याचे कसोटी सामने पाचांवर थांबले. २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातूनही त्यास वगळण्यात आले, आणि २०२५ मध्ये तो महाराष्ट्राच्या संघाकडे गेला. उलट शार्दूल सव्वादोन वर्षे थांबला आणि जानेवारी २०२१ मध्ये, निम्मा संघ जायबंदी झाला असता, ब्रिस्बेनच्या मैदानावर उतरला. सामन्यात सात बळी, आणि पहिल्या डावात संघ अडचणीत असता ६७ धावा. तो सामना आणि ती मालिका भारताने जिंकली.

यावरून कोणी असा सिद्धांत काढील की, निवड सत्ताविसाव्या वर्षी करावी, अठराव्या वर्षी करू नये. मी तो काढणार नाही. राजकोटला १३४ धावा काढणारा मुलगा त्या दिवशी कच्चा होता असे म्हणणे म्हणजे निकाल लागल्यावर पेपर तपासण्यासारखे आहे. त्याची निवड लवकर झाली हा दोष नव्हे. निवड झाल्यानंतर त्याच्याभोवती जी माणसे, जी शिस्त आणि जो आडोसा हवा होता तो त्यास पुरेसा मिळाला की नाही, हा खरा प्रश्न आहे. अठरा वर्षांच्या मुलास शहाणपण शिकविणारे पुष्कळ मिळतात. त्याच्या हातून वर्तमानपत्र काढून घेणारा एखादाच असतो. तो अद्याप तिशीच्या आत आहे, म्हणून त्याच्याविषयी शेवटचे वाक्य लिहिण्याची घाई मी करीत नाही. शार्दूलचे भाग्य असे की, त्याची पडझड लहानपणीच आणि लहान मैदानांवर होऊन गेली होती. हैदराबादचे दहा चेंडू त्यास मोडू शकले नाहीत.

आणि काही वेळा खेळाडूचीही वेळ असते, वयही असते, गुणही असतो, पण जागाच नसते. तेंडुलकर-कांबळी यांच्या त्या ६६४ धावांच्या भागीदारीच्या वेळी पायांना पॅड बांधून पुढच्या फलंदाजाच्या जागी ताटकळत बसलेला मुलगा अमोल मुझुमदार. १९९४ साली रणजीच्या पहिल्याच सामन्यात, एकोणिसाव्या वर्षी, त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीत एकंदर अकरा हजारांवर धावा झाल्या, आणि देशाच्या संघात एकही सामना मिळाला नाही. त्या पिढीत मधल्या फळीच्या जागा अशा माणसांनी अडविल्या होत्या की, त्यांस हलविण्याचे कारणच पडत नव्हते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे मुख्य प्रशिक्षक हेच अमोल मुझुमदार होते. सूर्यकुमार यादव याला २०२१ मध्ये, तिशी उलटल्यावर, भारताकडून पहिला सामना मिळाला, म्हणजे उशिरा उघडणारे दारही आता पुरते गंजलेले नाही असे म्हणावयाचे.

एवढे सांगितल्यावर आता मी माझ्या रजिस्टराकडे वळतो, कारण आतापर्यंत ज्यांची नावे घेतली ती सारी माणसे निवड समितीच्या दृष्टीस पडलेली माणसे आहेत. राष्ट्रीय समिती निवडते ती राज्याच्या संघांतून. राज्याचा संघ निवडला जातो तो बहुतांशी एकोणीस वर्षांखालील मुलांतून. ती मुले येतात सोळा वर्षांखालील मुलांतून. आणि ती चौदा वर्षांखालील मुलांतून. चाळणीवर चाळण. वरची चाळण कितीही बारकाईने धरली, तरी खालच्या चाळणीतून जो दाणा गळाला तो वर कसा येणार? सांगलीस वाढलेली स्मृती मानधना वयाच्या नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील मुलींच्या संघात गेली, आणि सोळाव्या वर्षी देशाकडून खेळली. तिच्या घरात वडील आणि भाऊ दोघेही क्रिकेट खेळणारे होते. आमच्या पाड्यावरील मुलाच्या हाती नवव्या वर्षी शेळ्यांची काठी असते.

शिवाय या चाळण्यांना एक खाच आहे, ती श्रोत्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. वयोगटाचे वर्ष १ सप्टेंबरपासून मोजतात. सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि पुढील ऑगस्टात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. एक जवळजवळ वर्षाने थोर, पण कागदावर दोघे सारखे. चौदाव्या वर्षी एक वर्षाचे अंतर म्हणजे चार बोटे उंची आणि हातभर जोर. निवडणारा प्रामाणिकपणे मोठ्यालाच निवडतो, आणि त्यास वाटते की आपण गुण निवडला. मग निवडलेल्यास चांगला प्रशिक्षक मिळतो, चांगले सामने मिळतात, आणि दोन वर्षांनी तो खरोखरच अधिक चांगला झालेला असतो. अनेक देशांत अनेक खेळांविषयी हे आढळून आले आहे.

१९९८ च्या जून महिन्यातील गोष्ट. मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर मी पटनोंदणीसाठी हिंडत होतो. पाऊस लागलेला, आवणीची तयारी चाललेली. एका झोपडीत एक मुलगा दिसला; चांगला उफाड्याचा, लांब हातांचा. आईला विचारले, याचा जन्म कधीचा? ती म्हणाली, "वावर-वांगणीला पोरं गेली ना गुरुजी, त्या सालच्या वाघबारशीचा." वावर-वांगणी हे जव्हार तालुक्यातील ठिकाण, १९९२ साली तेथे कुपोषणाने मुले दगावली आणि साऱ्या महाराष्ट्रात हळहळ झाली. वाघबारस येते दिवाळीच्या तोंडावर. म्हणजे त्या माउलीने मला वर्ष सांगितले, महिना सांगितला, जवळजवळ दिवसही सांगितला. कोणत्याही दाखल्याइतकी चोख नोंद दिली. मी मुलाच्या उंचीकडे पाहिले, सहा वर्षे पुरी झाली असावीत असा मनाशी अंदाज बांधला, आणि लिहिले: १ जून १९९२. झाले. पाच महिने कमी भरणाऱ्या मुलाचे वय मी माझ्या टाकाने पूर्ण करून टाकले.

त्या मुलाने पुढे आमच्या शाळेच्या मागील भाताच्या कापलेल्या खाचरात गोलंदाजी सुरू केली. खाचर उतरते; फलंदाज वरच्या बांधाकडे, गोलंदाज खालून. चढावर धावत येऊन तो मुलगा असा चेंडू टाकी की, बांधावर बसलेली माणसे बोलणे थांबवीत. चेंडू टेनिसचा, तोही टक्कल पडलेला. चेंडू चुकला तर खाली ओढ्यापर्यंत धावावे लागे, आणि ते कामही त्याचेच. त्याला कोणी धाव कशी घ्यावी हे सांगितले नव्हते. मला तरी कोठे येत होते! मी मॅट्रिक झालेला मास्तर. मी त्यास फक्त एवढेच म्हणे की, बाबा, चेंडू फळीच्या तीनही काठ्यांवर टाकीत जा.

२००८ मध्ये, पावसाळा सरताना, सोळा वर्षांखालील मुलांच्या एका निवड चाचणीची बातमी मला कळली. पहाटेच्या एस्.टी.ने जव्हार, विक्रमगड, मनोर करीत आम्ही दोघे पालघरला गेलो आणि तेथून गाडीने पुढे. त्याच्या पायांत शिक्षकांनी वर्गणी काढून घेतलेले बूट होते. ते त्यास चावत होते, म्हणून तो गाडीत ते मांडीवर घेऊन बसला होता. टेबलाशी बसलेल्या गृहस्थांनी दाखला वाचला. त्या हंगामासाठी १ सप्टेंबर १९९२ किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. ते सौजन्याने म्हणाले, "गुरुजी, तीन महिन्यांनी गेला." त्यांचे काहीही चुकले नव्हते. खरा जन्म धरला असता तर तो त्या गटात बसत होता. मी तोंड उघडले, आणि माझ्या ध्यानात आले की, दाखल्यावरील अक्षर माझेच आहे. त्यांच्यापुढे उभे राहून, हा दाखला खोटा आहे असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? आणि सांगितले तरी त्यांनी ते का मानावे? वय कमी करून मागणारे त्यांच्याकडे दररोज येत असतील. जन्माची दुसरी नोंद कोठेही नव्हती. त्या मुलाने त्या दिवशी एकही चेंडू टाकला नाही.

वय चोरणाऱ्यांविरुद्ध नियम असावेत हे मला मान्य आहे. किंबहुना ते अधिक कडक असावेत. मोठ्या वयाचा मुलगा लहानांत घुसतो तेव्हा तो एका खऱ्या लहान मुलाची जागा खातो. राहुल द्रविड यांनी २०१५ मध्ये एका व्याख्यानात या रोगावर फार तळमळीने बोट ठेवले, आणि पुढील वर्षी नियामक मंडळाने असा नियम केला की, कोणाही मुलाने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक एकदाच खेळावा. हे उत्तम झाले, कारण ती स्पर्धा शाळा आहे, पेन्शन नव्हे. आता सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र घेऊन हाडांवरून वय ताडतात. ही पद्धत परदेशांतील मुलांच्या चित्रांवरून बसविलेली आहे, आणि पोटभर न जेवलेल्या मुलाची हाडे उशिरा पिकतात, हे वैद्यकात सर्वमान्य आहे. तेव्हा तीही अचूक नाही. पण माझ्या अंदाजापेक्षा बरी. निदान तिला मुलाच्या उंचीची भुरळ पडत नाही.

आपण म्हणाल, सोळाच्या गटात बसला नाही तर एकोणीसच्या गटात बसला असता. मधे तीन वर्षे होती. बरोबर आहे. परंतु दिवाळी झाली की आमचे पाडे ओस पडतात. घरेच्या घरे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. क्रिकेटचा हंगामही नेमका तोच. त्या दिवाळीनंतर तो मुलगा बापाबरोबर भट्टीवर गेला, आणि तेथे विटा वाहू लागला. तो राष्ट्रीय संघात गेला असता असे म्हणण्याइतका मी खुळा नाही. कदाचित तालुक्याच्या पलीकडेही गेला नसता. परंतु ते कळण्याची वेळच आली नाही, आणि ती न येण्यास पहिला हात माझा लागला.

मोखाड्याच्या पलीकडे, नाशिक जिल्ह्यातील हरसूलच्या बाजूस, सावरपाडा नावाची वस्ती आहे. तेथील कविता राऊत अनवाणी धावत मोठी झाली; २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत तिने कांस्यपदक मिळविले, आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. भूभाग तोच, दारिद्र्य तेच, नागली-वरईची भाकरही तीच. फरक एवढाच की, धावण्याला घड्याळ लागते आणि पायाखाली रस्ता लागतो. घड्याळ सतराव्या वर्षीही खरे सांगते, आणि विसाव्या वर्षीही. क्रिकेटला मात्र खेळपट्टी, चामड्याचा चेंडू, समोर चांगला फलंदाज आणि पाहणारा जाणता डोळा, इतके सारे लवकर लागते.

म्हणून मला वाटते, राष्ट्रीय निवडीचे वय ठरविण्याची चर्चा करणाऱ्यांनी तिच्याबरोबर आणखी एक वय ठरवावे: पहिल्यांदा पाहण्याचे शेवटचे वय. ते आज व्यवहारात चौदा-पंधरा झालेले आहे. ते निदान वीस असावे. सतरा ते वीस वर्षांच्या मुलांसाठी, विशेषतः गोलंदाजांसाठी, तालुक्याच्या गावी चाचण्या व्हाव्यात. तेथे मागील गटांचे कागद विचारू नयेत. आणि आमच्या भागापुरते बोलावयाचे तर त्या दसऱ्याच्या आत उरकाव्यात, कारण त्यानंतर मुले गावात नसतात. चामड्याचा चेंडू त्याने आधी हाती धरलेला नसेल तर आठ दिवस धरू द्यावा, आणि मग पाहावे. असामान्य मुलगा सोळाव्या वर्षी देशाकडून खेळण्यास लायक झाला, तर त्यास कोणी अडवू नये; पण त्यास घेतल्यावर नऊ सामने धीर धरावा. उरलेल्यांची वेळ त्यांच्या त्यांच्या हंगामाने येऊ द्यावी. एकाच शिवारात गरवे भात आणि हळवे भात दोन्ही असतात, आणि गरव्यावर कोणी शेतकरी दसऱ्यालाच विळा चालवीत नाही.

तो मुलगा आता जव्हार-मोखाडा रस्त्यावर प्रवासी जीप चालवितो. थंडीत टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात, त्यांत अजून खेळतो. चेंडू पूर्वीइतका वेगवान नाही, पण काठ्यांवर असतो. मध्यंतरी मी त्याच्या शेजारच्या जागेवर बसून मोखाड्यास जात होतो. घाटाच्या वळणावर गाडी थांबवून त्याने वरच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्या हाती दिला. त्याच्या मुलीस पहिलीत घालावयाचे होते, म्हणून ग्रामीण रुग्णालयातून मिळालेला जन्मदाखला तो शाळेत नेत होता. त्यावर छापील अक्षरांत तारीख होती, वेळही होती. पहाटे चार वाजून दहा मिनिटे. तो म्हणाला, "गुरुजी, नीट आहे ना, बघा." मी चष्मा पुसून ती तारीख दोनदा वाचली. ती जूनची नव्हती.